काळ्या चड्डीतला इसम

पुण्यात पहाटे चार-साडेचारला रस्त्यावर कोण असावं, हे ठरलेलं आहे. दूधवाले, पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं, स्वारगेटला एसटीतून उतरून रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालणारा प्रवासी आणि या सगळ्यांकडे बघत रात्रपाळी संपायची वाट पाहणारे पोलीस. गेल्या काही वर्षांत या मंडळींत सायकलकाका शिरला आणि पोलिसांच्या जांभया बंद झाल्या.

सायकलकाका प्रत्येक सोसायटीत एक असतो. मोठ्या सोसायटीत दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी सांगतोय ते आमच्या बिल्डिंगमधले. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, गृहकर्ज फिटलेलं, साखर काठावर. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. पण चालायला सामान लागत नाही, ही चालण्यातली फार मोठी खोट. ज्या गोष्टीचं कॅटलॉग निघत नाही, तिच्यात काकांचं मन रमत नाही. त्यांनी सायकल घेतली.

खरं म्हणजे आधी कपडे आले, सायकल मागून आली. काळी बिब शॉर्ट मांडीला अशी चिकटलेली, की खिसा असता तर आतल्या नाण्याचा छापा की काटा, ते बाहेरून सांगता आलं असतं. तिला खांद्यावरून जाणारे पट्टे आणि बुडाशी बोटभर जाडीची गादी. ही चड्डी आत काहीही न घालता घालायची असते. यात चावटपणा नाही. आतल्या कपड्याची शिवण शंभरेक किलोमीटरनंतर कातडीत उतरते, म्हणून तो नियम. पण नियम असला तरी तो लिफ्टमध्ये समजावून सांगायचा नसतो. काका सांगतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टँकरचा विषय ऐन रंगात आलेला असताना त्यांनी तो सांगितला आहे. चड्डीतला हा ताणला जाणारा धागा १९५८ साली अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत तयार झाला, हेही सांगतात. तो बायकांच्या पोट आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय म्हणून शोधला होता, एवढं मात्र गाळतात.

वर पोपटी जर्सी. तिचे तीनही खिसे पाठीवर, म्हणजे आपलं सामान आपल्याला दिसत नाही, मागच्याला दिसतं. हातांवर मनगटापर्यंत पांढऱ्या बाह्या, नाकावर ओढलेला बफ, पिवळ्या काचांचा गॉगल, हेल्मेटवर दिवा, बोटं नसलेले हातमोजे. पायात पेडलला अडकणारे क्लीटचे बूट. ते घालून जिन्यानं उतरले की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ‘कोण आलंय रे खडावा घालून?’ म्हणून विचारतात.

आता मुख्य गोष्ट. या माणसावर उभ्या आयुष्यात कुणी संशय घेतला नव्हता.

शाळेत कुणाचं कंपासपेटीतलं काही गेलं की गुरुजी सगळ्यांची दप्तरं तपासत, काकांचं सोडून. त्या काळी सायकलला पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी फुंकून खुशाल चाकातली हवा सोडत. पुण्यातल्या अख्ख्या पिढीनं चौकाच्या अलीकडे मित्राला उतरवलं आणि पलीकडे पुन्हा बसवलं. काका कधी डबलसीट बसले नाहीत आणि त्यांनी कुणाला बसवलं नाही. पुढं बँकेत लागले आणि संशय घेणं हेच पगारी काम झालं. सही जुळत नाही, चेक परत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर स्वतः काउंटरवर उभा राहिला, तरी काका चष्म्यावरून त्याच्याकडे असे बघत की म्हाताऱ्यालाच आपल्याबद्दल शंका यावी. पण काकांवर कुणी? विमानतळावरच्या यंत्रातून ते गेले तर ते यंत्रही वाजत नसे. एकदा रात्री साडेअकराला घरी आले, तर काकूंनी दार उघडून ‘ऑडिट का?’ एवढंच विचारलं आणि भात गरम करायला घेतला. इतका विश्वास माणसाला पोखरतो.

ते पहिल्यांदा धरले गेले ते चारशेच्या ब्रेव्हेत. ब्रेव्हे हा मूळचा फ्रेंच प्रकार आणि ती करणारा तो रँदोनर. दोनशे किलोमीटर १३॥ तासांत, तीनशे २० तासांत, चारशे २७ आणि सहाशे ४० तासांत संपवायचे. ही शर्यत नव्हे. पहिला आलेला आणि शेवटून पहिला आलेला, दोघांची किंमत सारखी. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, किंवा एटीएममधून शंभर रुपये काढून वेळ छापलेली पावती जपून ठेवायची, आणि शेवटी त्याची नोंद थेट पॅरिसच्या क्लबात होते. हे दुपारी शुद्धीत असलेल्या माणसाला समजावणं अवघड. काकांना ते साताऱ्याच्या अलीकडे, रात्री सव्वादोन वाजता, नाकाबंदीवरच्या हवालदाराला समजवायचं होतं.

“थांबा! ओ, थांबा म्हंतो न्हवं!”

काका थांबले. बूट पेडलमधून सुटला नाही, त्यामुळे थांबले आणि मग सावकाश डाव्या कुशीवर आडवे झाले. संशयितानं न मारता लोळण घेतल्यामुळं हवालदार दोन पावलं मागं सरला.

“कोण तुम्ही?”

“रँदोनर,” काका जमिनीवरून म्हणाले.

“आडनाव मागनं. आधी नाव सांगा.”

नाव सांगून झालं. बॅटरीचा झोत खालून वर आणि वरून खाली फिरला आणि चड्डीवर थांबला.

“कापडं कुठं हायती?”

“ही काय, घातली आहेत.”

“ही आतली झाली. वरची कुठं टाकली?”

काकांनी हीच वरची असल्याचं सांगितलं. हवालदारानं जोडीदाराला हाक मारली. आठवड्यापूर्वी शेजारच्या गावात घरफोडी झालेली, आणि चड्डी-बनियन टोळीच्या बातम्या तर आपल्याकडे दर काही दिवसांनी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतच असतात. इथं चड्डी समोर उभी होती. पाठीवरचे खिसे रिकामे करायला लावले. टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, साखळी तोडायचं हत्यार, षटकोनी पान्यांचा जुडगा, एक पांढरी पूड.

“हे काय?”

“इलेक्ट्रोलाइट. मीठ-साखर.”

“खाऊन दाखवा.”

काकांनी खाऊन दाखवली. मग एक ट्यूब निघाली. ती मांड्यांना लावायचं मलम आहे, कातडी घासू नये म्हणून, असं काकांनी खरं ते सांगितलं आणि तिथंच फसले. कारण ही टोळीवाली मंडळी धरल्यावर निसटता यावं म्हणून अंगाला तेल फासतात, हे खात्यातल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ.

“कुठनं आला?”

“पुण्याहून.”

“कुठं निघाला?”

“पुण्याला.”

“मंग हिकडं कशाला?”

“कोल्हापूरच्या अलीकडून वळलो.”

“कोल्हापुरात काम?”

“काम नाही. जायचं आणि यायचं.”

“पैल्या नंबराला काय हाय?”

“नंबर नसतो. पूर्ण केलं तर मेडल मिळतं. त्याचे पैसे आपणच भरायचे.”

दोघा पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. चोराच्या बोलण्यात काहीतरी व्यवहार असतो. यात तो कुठंच सापडेना. मग हवालदारानं आवाज एकदम मऊ केला, दवाखान्यात करतात तसा, आणि विचारलं, “घरी कोन कोन असतं, काका?”

चहा पाजून सोडलं. ब्रेव्हे वेळेत पूर्ण झाली की नाही, हे काकांनी आम्हाला अजून सांगितलेलं नाही. सकाळी लॉबीत, पायाच्या पोटऱ्या थरथरत असताना, सुरक्षारक्षकासकट सगळ्यांना त्यांनी सांगितलं ते वेगळंच. “मला धरलं!” ते म्हणाले. “चाळीस मिनिटं बसवून ठेवलं!” नातू झाल्याचे पेढे वाटतानासुद्धा हा आवाज निघाला नव्हता.

तिथून काकांचा सायकलिंगकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. तळमजल्यावरच्या वकिलांकडून त्यांनी १९५१चा पोलीस कायदा मागून आणला. तो आधी मुंबईच्या नावानं होता, आता महाराष्ट्राच्या. त्यातलं कलम १२२ त्यांना पोटकलमांसह मुखोद्गत आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या हेतूनं चेहरा झाकून किंवा वेष पालटून फिरणारा, घातक हत्यार बाळगणारा, घरफोडीची अवजारं समाधानकारक कारण नसताना जवळ ठेवणारा, असे इसम त्यात बसतात. “चेहरा झाकलेला असतो,” काका बोटं मोजत सांगतात. “वेष म्हणाल तर आमची ही मला अंधारात ओळखत नाही. अवजारं तर आहेतच. घरातून निघतानाच मी जवळजवळ सगळं कलम पुरं केलेलं असतं. फक्त हेतू नाही.” हे शेवटचं वाक्य ते जरा खाली बघून म्हणतात. हेतू नाही हा शेरा त्यांच्यावर चाळीस वर्षं आहे.

वाचनही वाढलं. इंग्लंडात १८९०च्या दशकात रस्त्यावरच्या सायकलशर्यती घोड्यांना बुजवतात म्हणून पोलीस मागं लागले, तेव्हा तिथल्या सायकलवाल्यांच्या संघटनेनंच अशा शर्यतींवर बंदी घातली. न जाणो, सरकारनं सायकलीच बंद केल्या तर? त्यावर फ्रेडरिक बिडलेक नावाच्या गृहस्थानं तोड काढली. एकेकट्यानं सुटायचं, घड्याळाशी शर्यत लावायची, तीही उजाडताना, गावं झोपेत असताना. मार्गांना नावं नाहीत, सांकेतिक क्रमांक. आणि स्वारांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळं घालायचं, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत भरायला नको आणि हा शर्यतवाला आहे असा संशय यायला नको. पोलिसांना दिसू नये म्हणून काळं घालणाऱ्या त्या साहेबांनी पुढच्या शतकातल्या काकांची सोय करून ठेवली. काकांना हा इतिहास इतका आवडला की नाकाबंदीवर कपड्यांचा विषय निघाला की ते बिडलेकपासून सुरुवात करतात. एका उपनिरीक्षकानं तर “जा, जा तुम्ही” म्हणत स्वतःच्या हातानं बॅरिकेड बाजूला केलं.

रात्रीच्या नियमाप्रमाणे ब्रेव्हेत चमकत्या पट्ट्यांचं जाकीट अंगात लागतंच. तेच जाकीट रस्त्याची कामं करणारे घालतात आणि वाहतूक पोलीसही घालतात. खंबाटकीच्या पायथ्याशी काका केळं खात उभे असताना एक ट्रक येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं खाली उतरून मुकाट्यानं कागदपत्रांची पिशवी त्यांच्या हातात दिली. दुसरा कुणी असता तर हसून परत करता. काकांनी केळं संपवलं, दिवा हेल्मेटवरून पानांवर वळवला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं तपासणी केली. पीयूसीची मुदत संपलेली निघाली. काकांनी ड्रायव्हरला समज देऊन सोडलं. हे मला त्यांनी शपथेवर सांगितलं आहे आणि तोतयेगिरीचं कलम कोणतं, हेही वकिलांना लगेच विचारून घेतलं आहे.

पण सगळ्यांत मोठा प्रसंग ऐन शहरात घडला. रात्री अकराची नाकाबंदी, तरणाताठा शिपाई, आणि त्याला कपड्यांशी कर्तव्य नव्हतं. त्यानं सायकल एका बोटानं उचलून बघितली आणि विचारलं, “कितीची?”

“एक लाख पासष्ट हजार,” काका म्हणाले. पोलिसांशी खोटं बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात आहे.

अर्ध्या चड्डीतला माणूस, मध्यरात्रीचा सुमार, दीड लाखाच्या वर सायकल. शिपायानं पावती मागितली. पावती काकांनी बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. ती घरी का ठेवता येत नव्हती, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. मग शिपायानं घरचा नंबर घेतला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“मॅडम, तुमच्या मिस्टरांकडं एक लाख पासष्ट हजाराची सायकल मिळून आलीय. त्यांचीच आहे का?”

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग काकू शांतपणे म्हणाल्या, “नाही. आमची पस्तीस हजारांची आहे.”

शिपायानं काकांकडे बघितलं. काकांनी सायकलकडे बघितलं. तो शिपाई पुढं अधिकारी होईल, कारण त्यानं सगळं एका नजरेत ओळखलं आणि हळूच विचारलं, “काका, तुम्हाला आत टाकू का आज? उद्या सकाळी सोडतो.” त्या खात्यातून मिळालेली एवढी माणुसकीची वागणूक काकांना दुसरी आठवत नाही.

काकूंचं म्हणाल तर त्यांनी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी त्या लक्ष्मी रोडला गेल्या आणि एक लाख तीस हजारांच्या पाटल्या घेऊन आल्या. वजाबाकी त्यांनाही येते.

हे सोनेरी दिवस फार टिकले नाहीत. सायकल नाशिक, पुणे, कोल्हापूर सगळीकडे पसरली. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५मध्ये सायकलवरून अमेरिका आरपार केली आणि तशा कपड्यांतले त्यांचे फोटो घरोघरच्या पेपरांत आले. कृष्ण प्रकाश यांच्यासारखा आयपीएस अधिकारी २०१७मध्ये फ्रान्सला जाऊन आयर्नमॅन पुरी करून आला; म्हणजे पोहणं, पळणं आणि मध्ये १८० किलोमीटर सायकल. तेच पुढं पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त झाले. साहेबच असले कपडे घालायला लागल्यावर शिपाई संशय कुठल्या तोंडानं घेणार? नाकाबंदीवर काकांना आता सलाम पडायला लागला. कुणी पाण्याची बाटली भरून देतो, कुणी “गिअर किती?” विचारतो, कुणी सेल्फी काढतो. आणि एका रात्री तर कहर झाला. बफ नाकावर, गॉगल डोळ्यांवर, खिशात सगळी अवजारं, असे काका मुद्दाम रेंगाळत बॅरिकेडपाशी गेले, तर एक महिला पोलीस म्हणाली, “सावकाश जा हं, आजोबा. पुढं खड्डा आहे.”

काका तिथून परत फिरले. महिनाभर सायकल गॅलरीत उभी होती. काकूंनी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या.

मध्यंतरी ते पुन्हा चारशेला गेले, ते मेडलचे पैसे आधीच भरले होते म्हणून. रात्री तीनच्या सुमाराला एका आडगावच्या शिक्क्याच्या ठिकाणी पोचले, तर हॉटेल बंद आणि एटीएममधला पावतीचा कागद संपलेला. उघडी होती ती फक्त पोलीस चौकी. काका टाकटूक करत आत गेले. ठाणे अंमलदारानं मान वर केली, नखशिखान्त पाहिलं आणि “या, बसा” म्हणून पुन्हा मान खाली घातली. तेवढ्यानंही काकांचा चेहरा पडला. तरी त्यांनी कार्ड पुढं केलं आणि वेळ घालून एक शिक्का मागितला.

“शिक्का असा मारता येत न्हाई, काका. शिक्का म्हंजी कागद, कागद म्हंजी नोंद. आणि नोंदीत तुम्ही आरोपी तरी पायजे, न्हायतर फिर्यादी.”

काकांनी खुर्ची पुढं ओढली. “आरोपी करता येईल?”

“काय केलंय?”

काकांनी पुष्कळ आठवून बघितलं. बाहेर कुत्रं भुंकून गप्प झालं तरी ते आठवत होते. “काही नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मंग न्हाई जमत.”

“आणि फिर्यादी?”

“काय गेलंय?”

काकांनी टेबलाखाली डाव्या हातातला हातमोजा काढला आणि जर्सीच्या मागच्या खिशात सारला. साठ वर्षांत पोलिसांशी केलेली ही पहिलीच लबाडी; कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “हातमोजा,” ते म्हणाले. अंमलदारानं गहाळ नोंदीचं रजिस्टर ओढलं, पेन झटकलं.

“रंग?”

“काळा.”

“कुठल्या हाताचा?”

“डाव्या.”

“वर्णन?”

“बोटं नसलेला.”

पेन थांबलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्या माणसाच्या डोळ्यांत संशय आला. “बोटं कवा गेली?”

“पहिल्यापासून नव्हतीच.”

“मंग ती ह्याच नोंदीत धरायची, का त्यांची येगळी करू?”

“वेगळी करा,” घड्याळाकडे बघत काका म्हणाले. “दोन शिक्के मिळतील.”